घरगुती संगणक वारंवार बंद पडणे व मंदावणे

घरगुती संगणक वारंवार बंद पडणे किंवा मंदावणे हा एकच बिघाड नसून अनेक निरनिराळ्या बिघाडांचे समान लक्षण होय. साचलेली उष्णता, अस्थिर वीजपुरवठा, सदोष मेमरी, निकामी होत चाललेली डिस्क आणि सॉफ्टवेअरमधील दोष ही त्याची प्रमुख कारणे आहेत. बाहेरून ती सारखीच दिसत असल्याने निदानाआधीच डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालण्याकडे, म्हणजेच बोलीभाषेतील ‘फॉरमॅट मारण्या’कडे, अनेकांचा कल असतो. मूळ दोष यंत्रभागात असल्यास तो या उपायानंतरही कायम राहतो. प्रत न काढलेली छायाचित्रे व कागदपत्रे मात्र कायमची जातात.

== बंद पडण्याची रीत ==
संगणक कसा बंद पडतो, यावरून शोधाची दिशा ठरते. कोणतीही सूचना न देता पडदा एकाएकी काळा झाला, तर संशय प्रथम वीज किंवा उष्णतेवर घ्यावा. विंडोजमध्ये संकेतवाक्यासह त्रुटीचा निळा पडदा आला, तर ड्रायव्हर, मेमरी किंवा डिस्क तपासावी. ते वाक्य लगेच टिपून ठेवणे उपयोगी पडते. इव्हेंट व्ह्यूअरमधील ४१ क्रमांकाची नोंद पाहून एसएमपीएस बदलणारे पुष्कळ आढळतात. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

== उष्णता व वीज ==
ज्या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हटले जाते, ती वस्तुतः कॅबिनेट होय. सीपीयू म्हणजे तिच्या आतील प्रोसेसर. त्यावरील पंखा धुळीने भरला की तापमान वाढते. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास स्वतःचा वेग कमी करतात व त्यानेही भागले नाही तर संगणक बंद होतो. म्हणून सकाळी नीट चालणारा संगणक उन्हाळ्यातील दुपारी रखडू शकतो. धूळ काढण्यापूर्वी वीजजोडणी काढावी आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

एसएमपीएस घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. तो जुना झाला की खेळ किंवा चित्रफीत-संपादनासारख्या जड कामात संगणक पुन्हा सुरू होतो. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये. जोडणी काढल्यानंतरही तिच्या कॅपॅसिटरांत घातक विद्युतभार उरू शकतो. यूपीएसची बॅटरी संपली असल्यास दिव्याच्या एका लुकलुकीनेही संगणक बंद पडतो आणि दोष विनाकारण संगणकाच्या माथी येतो.

== मेमरी ==
दर वेळी वेगळे संकेतवाक्य येणे हे सदोष रॅमचे नेहमीचे चिन्ह होय. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक ही चाचणी चालवावी किंवा एकेक पट्टी काढून पाहावी. पट्टीचे संपर्कबिंदू खोडरबराने घासण्याची प्रथा रूढ आहे; तिने कधी गुण येतो, पण बहुधा पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवणेच पुरेसे ठरते.

== डिस्क ==
फिरत्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे, एखादी फाइल उघडताना सारे गोठणे किंवा स्मार्ट प्रणालीने इशारा देणे ही गंभीर चिन्हे आहेत. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रत, मग चाचणी. चेकडिस्कसारखी दुरुस्तीची आज्ञा संपूर्ण डिस्क वाचू लागते आणि त्या ताणाने मरणपंथाला लागलेली डिस्क पूर्ण निकामी होऊ शकते. टकटक सुरू झाली असल्यास संगणक पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नये. एसएसडी तर कोणताही आवाज न करता एकाएकी बंद पडू शकते.

== मंदावणे ==
टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी काय शंभर टक्क्यांच्या जवळ आहे ते पाहावे. ४ जीबी रॅमवर ब्राउझरची अनेक पाने उघडली की मेमरीतील मजकूर डिस्कवर हलवला जातो आणि सारेच संथ होते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हा जुन्या संगणकासाठी बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नयेत. ‘वेग वाढवा’ अशी जाहिरात करणारी सफाईची सॉफ्टवेअरे टाळावीत. त्यांतील कित्येक स्वतःच संगणकावर भार टाकतात.

== नव्याने स्थापना ==
मेमरी व डिस्क निर्दोष ठरल्यावर, आणि घरातील फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर उघडून तपासल्यावरच, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालणे योग्य होय. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने त्या वेळी विंडोज ११ किंवा जुन्या यंत्रावर एखादी हलकी लिनक्स आवृत्ती निवडता येते.