चंदीगडमध्ये आयुष्मान कार्डावर पुनर्वसन उपचार : कोठे आणि कसे शोधावेत

चंदीगड : पक्षाघात, मणक्याची दुखापत किंवा अवयवविच्छेदन यांतून रुग्णाचा जीव वाचतो आणि पात्र कुटुंबाचा शस्त्रक्रियेचा खर्चही सरकारी विम्यातून भागू शकतो. परंतु रुग्णाला पुन्हा चालते-बोलते करणारा पुढचा टप्पा बहुतांशी बाह्यरुग्ण विभागात पार पडतो आणि आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण तेथवर पोहोचत नाही. त्यामुळे चंदीगडमध्ये पुनर्वसन वैद्यकाचा डॉक्टर शोधणाऱ्या कुटुंबाने योजनेची रचना आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

पुनर्वसन वैद्यक म्हणजे काय?

भौतिक वैद्यक व पुनर्वसन, अर्थात पीएमआर, ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. या शाखेचे डॉक्टर एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीएनबी (पीएमआर) ही पात्रता मिळवतात. फिजिओथेरपिस्ट व्यायामोपचार देतात. पीएमआर तज्ज्ञ संपूर्ण उपचारांची आखणी करतात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी इंजेक्शने, मूत्राशयाचे व्यवस्थापन, शय्याव्रणांवर उपचार, कृत्रिम अवयव व कॅलिपरची शिफारस ही त्यांची कामे होत. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्या कामात मेळ घालण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे असते.

देशात या शाखेचा पाया मुंबईत भक्कम झाला. हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. तरीही तज्ज्ञांची संख्या आजही मर्यादित आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या नियमावलीत नव्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठीच्या अनिवार्य विभागांतून पीएमआर वगळला, तेव्हा या क्षेत्रातून तीव्र नाराजी व्यक्त झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसन सेवांचा लाभ होऊ शकतो.

कार्ड डॉक्टरसाठी नव्हे, रुग्णालयासाठी

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळू शकते. पक्षाघाताच्या रुग्णांत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे असल्याने ही तरतूद महत्त्वाची आहे.

या योजनेत डॉक्टर वैयक्तिकरीत्या नोंदवले जात नाहीत; रुग्णालय अंगीकृत होते आणि तेही ठरावीक विशेषज्ञ सेवांसाठी. डॉक्टरांचे शुल्क, खाट, औषधे व तपासण्या मिळून ठरलेल्या पॅकेजचे पैसे रुग्णालयाला दिले जातात. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च त्यात धरला जातो. निव्वळ बाह्यरुग्ण उपचार योजनेबाहेर राहतात.

पुनर्वसनाची अडचण नेमकी येथेच आहे. मणक्याच्या दुखापतीनंतरचे उपचार अनेक महिने चालतात. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. १५ दिवसांची मुदत संपते तेव्हा रुग्णाची खरी मेहनत सुरू झालेली असते. म्हणून रुग्ण दाखल असतानाच पुनर्वसनाचा आराखडा तयार करून घेणे हिताचे ठरते.

चंदीगडमध्ये कोठे जावे?

शहरातील प्रमुख ठिकाण म्हणजे सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच पीजीआय. तेथे भौतिक वैद्यक व पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. चंदीगडसह पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातून रुग्ण येत असल्याने गर्दी मोठी असते. सरकारी संस्था असल्याने बाह्यरुग्ण विभागातील शुल्क खासगी रुग्णालयांच्या तुलनेत अल्प असते; योजना लागू होत नाही तेथे हाच मोठा आधार ठरतो. सेक्टर ३२ मधील सरकारी वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आणि सेक्टर १६ मधील सरकारी बहुविशेषज्ञ रुग्णालय हे अन्य सरकारी पर्याय आहेत. तेथे पीएमआर तज्ज्ञ उपलब्ध आहेत का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

आयुष्मान कार्ड कोणत्याही राज्याचे असले तरी देशभरातील अंगीकृत रुग्णालयांत चालते. मात्र खर्च संबंधित राज्याला द्यावा लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पंजाबकडील थकबाकीमुळे पीजीआयने त्या राज्यातील लाभार्थ्यांचे योजनेखालील उपचार काही काळ थांबवले होते. नंतर ते पूर्ववत झाले. नोकरीनिमित्त चंदीगड परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपले कार्ड केंद्रीय योजनेचे आहे की केवळ महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे, याची खात्री करावी. राज्याच्या योजनेचे लाभ त्या योजनेने अंगीकृत केलेल्या रुग्णालयांपुरतेच असतात.

दाखल होण्यापूर्वी काय तपासावे?

• योजनेच्या संकेतस्थळावरील रुग्णालय शोध सुविधेत राज्य, जिल्हा आणि विशेषज्ञ सेवा निवडून यादी पाहावी. १४५५५ या निःशुल्क क्रमांकावरही चौकशी करता येते.
• रुग्णालयातील आरोग्यमित्राला तीन प्रश्न विचारावेत : पुनर्वसनासाठीचा मुक्काम कोणत्या पॅकेजखाली बसतो, पूर्वमंजुरी लागेल का आणि काही रक्कम भरावी लागेल का. काही पॅकेजेस केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात.
• डॉक्टरांची पदव्युत्तर पात्रता पीएमआरमधील आहे का, हे पाहावे. ‘रिहॅब सेंटर’ अशी पाटी पुरेशी नाही. व्यसनमुक्ती केंद्रेही हाच शब्द वापरतात.
• रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्डावर पुढील थेरपी, साहित्य आणि फेरतपासणीची तारीख लिहून घ्यावी.
• योजनेत समाविष्ट उपचारांसाठी पैसे मागितले गेल्यास केंद्रीय तक्रार निवारण संकेतस्थळावर किंवा १४५५५ वर तक्रार नोंदवता येते.

योजनेबाहेरचे मार्ग

राज्य कर्मचारी विमा योजनेत (ईएसआय) बाह्यरुग्ण उपचारांचाही समावेश आहे. चंदीगडमध्ये रामदरबार येथे ईएसआयचे आदर्श रुग्णालय आहे. केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांसाठी सीजीएचएस आणि माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या योजना आहेत.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपी यांचाही समावेश होतो. त्यामुळे अशा मुलांच्या पालकांना आयुष्मानपेक्षा ती अधिक उपयोगी ठरू शकते.

व्हीलचेअर, कॅलिपर, कृत्रिम अवयव यांसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नमर्यादेनुसार साह्य मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगतांना मान्यता आहे. दिव्यांगत्व कायमस्वरूपी राहण्याची शक्यता दिसताच प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करणे योग्य, कारण दिव्यांगांसाठीच्या अनेक सवलती आणि योजनांसाठी याच कागदपत्रांची मागणी होते.