एका अक्षराचा आजार, एका माणसाचा नकाशा

जगभरच्या वैविध्याला सामावून घेणारा मानवी जीनोमचा नवा संदर्भ हवा, असे विदर्भात कुणी म्हटले की उत्तर ठरलेले असते. माणसे ९९.९ टक्के सारखीच. सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकातला एका अक्षराचा बदल, आणि तो कुठे आहे हे ठाऊक आहे. तेव्हा यवतमाळच्या कळंब तालुक्यातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, आधी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पोचवा; नवे नकाशे हे श्रीमंत प्रयोगशाळांचे चोचले.

यातले निम्मे खरे आहे. नागपूरकडच्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली, राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी. मधली ६५ वर्षे काही जीनोमच्या नकाशावाचून वाया गेली नाहीत. चाचणी आधी, हा क्रम मान्य. पण म्हणून नकाशा अनावश्यक, हे अनुमान टिकत नाही.

आधी ९९.९ टक्क्यांचे पाहू. तीनशे कोटी अक्षरांत ०.१ टक्का म्हणजे तीस लाख फरक. शिवाय हा हिशेब सुट्या अक्षरांचा. गळालेले, दुणावलेले, उलटे बसलेले मोठे तुकडे त्यात येत नाहीत. सिकलसेलमध्येच त्यांचे महत्त्व दिसते. अक्षर तेच असूनही दोन रुग्णांचा आजार सारखा नसतो. अल्फा-ग्लोबिनची दोन जनुके शेजारी-शेजारी, जवळपास एकसारखी असतात, त्यांतला ३.७ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असेल, तर सिकलसेल रुग्णाच्या तांबड्या पेशी कमी फुटतात. सिकलसेल नसलेल्या माणसातही या गळतीमुळे पेशी लहान दिसतात आणि लोहाची कमतरता समजून गोळ्या चालू होतात. ही गळती माहीत आहे म्हणून तिची चाचणी आहे. जी माहीतच नाही तिची चाचणी कोण काढणार?

असे बदल निसटतात ते संदर्भामुळे. जीआरसीएच३८ या प्रचलित संदर्भ जीनोमचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरात जाहिरात देऊन मिळवलेल्या दात्यांपैकी एकट्याचा आहे. नव्या माणसाच्या डीएनएचे वाचलेले बारीक तुकडे या संदर्भावर जुळवतात. गावनकाशात नसलेला जमिनीचा तुकडा मोजणीत शेजारच्या गटात घुसडला जावा किंवा सुटून जावा, तसे तिथे होते. २०२३ मध्ये ४७ जणांच्या जीनोमांतून उभारलेल्या पॅनजीनोमच्या, म्हणजे अनेकांच्या एकत्रित संदर्भाच्या, मसुद्याने जुन्या संदर्भाच्या तुलनेत ११.९ कोटी अक्षरांची भर घातली. त्याच्या आधाराने तशाच बारीक तुकड्यांतून मोठे बदल दुपटीहून अधिक सापडले.

यावर दुसरा आक्षेप येतो: ‘जीनोम इंडिया’ने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले, ९ जानेवारी २०२५ ला विदा खुली झाली, आता काय उरले? उरले ते हेच, की ते वाचनही जीआरसीएच३८ वरच जुळवलेले आहे. माणसे आपली, नकाशा परका. त्याआधीच्या ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट होते: लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. भारतात घेतलेला एकही नाही.

एखादा ‘अस्सल भारतीय’ संदर्भ हाही उपाय नव्हे. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ पैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांहूनही ठळक निघाला. पिढ्यानपिढ्या आपापसांत लग्ने झालेल्या अशा प्रत्येक गटात दुर्मीळ दोष वेगळा साचतो. पंजाब्याच्या जीनोमवरून गोंडांचा किंवा कोलामांचा अंदाज बांधता येत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी: यवतमाळच्या कोलाम, गोंड, परधान, आंध समाजांतून, समजावून घेतलेल्या संमतीने, मोजके पण लांब तुकड्यांचे वाचन व्हावे आणि ते जगाच्या संदर्भात जोडले जावे, निष्कर्ष जिल्हा रुग्णालयापर्यंत परत यावेत. सोल्युबिलिटी चाचणी आज स्वस्त आहे, कारण तो आजार कधीकाळी कुणी मुळापासून शोधला. पुढच्या आजाराची स्वस्त चाचणी हवी असेल तर ते शोधकाम आजच व्हायला हवे. त्याला चोचले म्हणणे म्हणजे पोडावरच्या माणसाला जुन्याच चाचणीवर कायमचे थांबवणे.