ठासणीची बंदूक आणि इनामदारांची रायफल

आमच्या गावात दोन हत्यारं नाव घेण्यासारखी होती. एक आमची ठासणीची बंदूक, दुसरी इनामदारांची चारशे पासष्टची रायफल. एक पिकाची राखण करायची, दुसरी वाड्याच्या मानाची.

गाव दाजीपूरच्या जंगलाला लागून. हे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. 1958 साली त्याचं अभयारण्य झालं. रान गव्यांचं. मोठा नर गवा हजार किलोला टेकतो. असलं जनावर हलक्या गोळीला दाद देत नाही, म्हणून साहेब लोक आणि संस्थानिक विलायतेहून मोठ्या मापाच्या रायफली आणायचे.

इनामदारांच्या रायफलीचं माप कसं जन्माला आलं त्याची गोष्ट मजेदार आहे. पूर्वी गव्या-वाघाला 450 नंबरची रायफल चालायची. पण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळीही त्याच मापाची. शिकारीच्या नावानं आलेला दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल, ही सरकारला धास्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी 450 हिंदुस्थानात आणायलाच बंदी घातली. कारागीर काय गप्प बसतात! थोडं माप बदलून त्यांनी नव्या रायफली काढल्या. 1907 ची हॉलंड अँड हॉलंडची 465 त्यातलीच. तिची एक गोळी अडीच तोळ्यांहून जड. पुढं 1912 साली त्याच कंपनीनं 375 मॅग्नम काढली आणि ‘मॅग्नम’ हा शब्द शिकाऱ्यांच्या तोंडी बसला. इनामदार आपल्या रायफलीलाही मॅग्नमच म्हणायचे, आणि त्यांना दुरुस्त करणार कोण?

आमच्या बंदुकीला असलं घराणं नव्हतं. 1857 नंतर इंग्रजांनी रयतेची हत्यारं काढून घेतली, 1878 च्या कायद्यानं परवाना सक्तीचा केला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय होती. तो परवाना माझ्या वडिलांच्या, आबांच्या नावावर होता. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत.

दर बाराला ती नव्यानं भरावी लागे. कळकाच्या पेराचं माप होतं, त्यानं दारू ओतायची. वर काथ्याचा बोळा घालून गजानं ठासायचा. मग छर्रे, परत बोळा, आणि माळ्यावर चढल्यावर शेवटी घोड्याखाली केप. गजाला एक खाच होती. खाच नळीच्या तोंडाशी आली की बार एकच आहे. वर राहिली की आत जादा काहीतरी आहे. भरताना आबा कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

1969 चा दिवाळीआधीचा दिवस. भात कापणीला आलेलं, रात्री डुकरं उतरत होती. दिवस बुडताना आबा खळ्यावर बार भरत होते. मी दहा वर्षांचा. मधेच विचारलं, “आबा, औंदा फटाकड्या आणणार काय?”

“गप बस की लेका!”

मी गप्प बसलो. आबांनी बिडी पेटवायला म्हणून लांब जाऊन दोन झुरके मारले, परत आले, हात धुतले आणि पुन्हा माप हातात घेतलं. मघाशी एकदा दारू पडली होती, छर्रेही पडले होते. मी बघत होतो. पण नुकताच दम खाल्लेला, बोललो नाही. अंधारात त्यांनी खाचही बघितली नाही.

मध्यरात्री रानात मोठा आवाज झाला. नळी फुटली होती. आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ठाण्यात त्यांनी सांगितलं, “चूक माझीच.” फुटकी बंदूक तिथंच जमा केली. दुसरी घ्यायला परवाना होता, पण घेतली नाही. मी बघितलेलं कुणाला सांगितलं नाही.

दोनेक वर्षांनी इनामदारांनी आबांना वाड्यावर बोलावलं. सोबत मी. परदेशी मालावर बंधनं आलेली, 465 ची काडतुसं कुठं मिळेनात. त्यांच्याकडं पाचच उरली होती; रिकाम्या पितळी नळ्या मात्र डबाभर. इनामदार म्हणाले, “तू आयुष्यभर बार भरलेस. ह्या नळ्या भरून दे.”

त्यांनी एक काडतूस उकलून ठेवलं होतं. आतली दारू काळी भुकटी नव्हती, शेवयांसारख्या बारीक कांड्या होत्या. आबांनी एक कांडी उचलून वास घेतला. उरलेल्या तीन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले. नाही म्हणायला ते अवघडले होते. वाड्याचं कूळ होतो आम्ही.

माझ्या तोंडून निघून गेलं, “आबा, नको.”

“ए पोरा, मोठ्यांत बोलू नको,” इनामदार.

आबा कांडी खाली ठेवून म्हणाले, “बोलू द्या मालक त्याला. माझ्या दारूचं मला कळायचं, तरी बोटं गेली. हिचं तर कायबी कळत न्हाई. चिमूटभर इकडं-तिकडं झाली तर तुमचं तोंड जाईल.”

परतताना ओढ्याजवळ मी त्यांना खळ्यावरचं सगळं सांगितलं. आबा चालत राहिले. बांधावर आल्यावर म्हणाले, “भरताना बोलू नये, हे मीच शिकवलं. दिसल्यावर गप बसू नये, हे शिकवायचं राहिलं बघ.”

1972 चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीवर कडक बंधनं आली. इनामदारांची रायफल उरलेल्या चार काडतुसांसकट कपाटात गेली. गवे अजून येतात. आम्ही डबे वाजवतो.