खांब कुणी हलवायचा?

भाडेकरूला हलवणं किती कठीण, हे घरमालकाला विचारावं. पण त्याहूनही चिवट बिऱ्हाडं रस्त्याच्या पोटात राहतात. नळ, तारा, गटारं, खांब! आमच्या घरापुढचा विजेचा खांब, रस्ता रुंद झाल्यावर दोन वर्षं मधोमध उभा होता. रिक्षावाले त्याला प्रदक्षिणा घालून जात. चौकशीअंती कळलं, की हलवायला माणसं तयार आहेत, पैसे कुणी भरायचे एवढंच ठरत नाही.

हा तंटा फार जुना आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. तिथलं पाणी बाहेर काढायला १८९६ साली एक मंडळ नेमलं. मंडळाने रस्ते खणले, तर खाली गॅस कंपनीचे नळ! ते हलवावे लागले आणि कंपनीने खर्च मागितला. परवाना तुमचाच, मग पैसेही तुमचेच, हा तिचा मुद्दा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०५ साली निकाल लागला : परवाना रस्त्यात नळ घालण्याचा आहे, अमुकच जागेचा नाही. लोकांच्या आरोग्यासाठी सरकायची वेळ आली, तर स्वखर्चाने सरका. म्हणजे खोलीत खुशाल राहा, पण खिडकीजवळचा कोपरा माझाच म्हणू नका!

पुढे १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला. राज्याने असा खर्च कंपनीला दिला, तर आंतरराज्य महामार्गांवर त्यातला नव्वद टक्के वाटा वॉशिंग्टन उचलणार! दुसऱ्याच्या पाकिटावर कर्ण होणं कुणाला जड जातं? अनेक राज्यांनी तसे कायदे करून टाकले.

आपल्याकडे १८८५ चा तार कायदा होता. (२०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली.) जमिनीत खांब रोवला तरी तारखात्याला हक्क फक्त वापराचा. खाजगी मालकाला तो आपल्याच आवारात दुसरीकडे हवा असेल, आणि त्याने आधी भरपाई घेतली असेल, तर हलवण्याचा खर्च किंवा त्या भरपाईची निम्मी रक्कम, यांतलं जे कमी ते त्याने भरायचं. हे कलम लिहिणारा साहेब एकत्र कुटुंबात वाढला असावा!

कंपनीने भरलं तर ते बिलात येतं, सरकारने भरलं तर करात. बिल गॅस जाळणाऱ्याला, कर मात्र चूल फुंकणारीलाही! भांडायला जागा आहे ती एवढीच. बाकी आपल्यासारख्यांना प्रश्न फक्त डाव्या खिशाचा की उजव्या, हाच. सदरा एकच.