पुण्याचे रहमीन, कराचीचे फैजी

आमचं सारोळे अगदी जिल्ह्याच्या हद्दीवरचं गाव. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. पूल ओलांडून पलीकडे गेलेल्याला आपण परका म्हणत नाही. मग मोठी सरहद्द ओलांडून गेलेल्या एका पुणेकर चित्रकाराला आपण इतकं कसं विसरलो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

सॅम्युअल रहमीन यांचा जन्म १८८० सालचा, पुण्याचा. घराणं बेने इस्रायली. कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना लोक 'शनवार तेली' म्हणत, ज्यांची घरची भाषा मराठी, तोच हा समाज. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले. तिथे जॉन सिंगर सार्जंट यांच्यासारख्या नामवंताचं मार्गदर्शन मिळालं. पाश्चात्त्य पद्धतीची तैलरंगातली व्यक्तिचित्रं उत्तम जमू लागली. परतल्यावर बडोदा संस्थानात कलाविषयक सल्लागाराचं काम मिळालं. पुढे मात्र त्यांनी तैलरंग बाजूला ठेवले आणि ते राजपूत व मुघल चित्रशैलीकडे वळले. जमलेला हात मोडून नवा हात घडवणं किती अवघड, हे कुणाही कारागिराला विचारावं!

१९१२ साली त्यांनी अतिया फैजी यांच्याशी विवाह केला. अतियाबाई लेखिका, संगीताच्या अभ्यासक. त्यांच्या भगिनी नाझली या जंजिऱ्याच्या बेगम. रहमीन यांनी इस्लाम स्वीकारला आणि पत्नीचं आडनाव आपल्या नावाला जोडलं. त्या काळात नवऱ्याने बायकोचं आडनाव लावायचं म्हणजे काय, याची कल्पना करा! अतियाबाईंच्या भारतीय संगीतावरच्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रं काढली. रागिण्यांना रंगरूप दिलं. १९२६ ते १९२९च्या दरम्यान नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या घुमटांखाली भित्तिचित्रं रंगवली. नाटकं लिहिली, त्यांपैकी एक १९३७ साली लंडनच्या रंगभूमीवर आलं. त्यांची चित्रं लंडनच्या टेट गॅलरीच्या संग्रहात आहेत.

फाळणीनंतर हे जोडपं नाझलीबेगमांसह कराचीला गेलं. बोलावणं खुद्द जिनांचं होतं. मुंबईच्या घराचं 'ऐवान-ए-रिफअत' हेच नाव त्यांनी कराचीतल्या नव्या घराला दिलं. तिथे चित्रं मांडली, संगीताच्या मैफली भरवल्या. पण जिना १९४८ साली गेले आणि आश्रय देणारं माणूसच उरलं नाही. पुढे दहा-एक वर्षांत त्या घरातूनही त्यांना बाहेर काढण्यात आलं. सत्तरी ओलांडलेली ही माणसं उतारवयात भाड्याच्या जागेत राहिली.

१९६४ साली रहमीन गेले, १९६७ साली अतियाबाई. त्यांच्या नावाचं कलादालन कराचीत उभारायचं ठरलं, पण ते कित्येक वर्षं अर्धवट बांधकामातच अडकून राहिलं.