शिरेतून घरीच पोषण: आतडे काम करत नाही तेव्हा

अशक्तपणा आला की नगरकडे ‘एक सलाईन लावून घेतो’ असे सहज म्हटले जाते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. त्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे 85 किलोकॅलरी, म्हणजे ज्वारीच्या एका भाकरीइतकीही नाही. सलाईनवर माणूस पाण्याअभावी मरत नाही, पण त्यावर जगूही शकत नाही. ज्याचे आतडेच अन्न शोषू शकत नाही, त्याला शिरेतून संपूर्ण जेवण द्यावे लागते. त्याला पॅरेंटरल न्यूट्रिशन म्हणतात आणि ते घरी, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे घेता येते.

ही वेळ बहुतेकदा अचानक येते. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होते, आतड्याला पीळ बसतो किंवा क्रोन्सच्या आजारात पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया होतात. जीव वाचवण्यासाठी लहान आतड्याचा मोठा भाग काढावा लागतो. साधारण 200 सेंटिमीटरपेक्षा कमी आतडे उरले की त्याला ‘आखूड आतडे’ म्हणतात. उरलेले आतडे पुढची एक-दोन वर्षे हळूहळू जुळवून घेते, त्यामुळे काहींची पिशवी पुढे सुटते. काहींची आयुष्यभर सुटत नाही.

हे तंत्र 1960 च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी आधी कुत्र्याच्या पिल्लांवर सिद्ध केले. घरी राहून दीर्घकाळ जगलेल्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक म्हणजे कॅनडाच्या ज्युडी टेलर. 1970 मध्ये त्यांचे आतडे गेले आणि त्यानंतर त्या सुमारे वीस वर्षे जगल्या. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. खुर्शीद जीजीभॉय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले होते.

पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्धांश, क्षार आणि पाणी असते. तयार मिळणाऱ्या तीन कप्प्यांच्या पिशवीत जीवनसत्त्वे नसतात, ती वेगळी मिसळावी लागतात. हे विसरले आणि बी-1 कमी पडले तर मेंदूला व हृदयाला गंभीर इजा होऊ शकते. द्रव इतका घट्ट असतो की हाताच्या छोट्या शिरा त्याने सुजतात. म्हणून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचणारी कायमची नळी बसवतात. पंपावर रोज रात्री 10 ते 14 तास पिशवी चालते आणि दिवस मोकळा राहतो. शेवटच्या तासात वेग कमी करून थांबवतात, म्हणजे साखर एकदम खाली जात नाही.

या सगळ्याचा जीव त्या नळीत आहे. नळीचे तोंड उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे, तोंड अल्कोहोलने किमान पंधरा सेकंद घासायचे आणि वाळू द्यायचे. रोज, कंटाळा आला तरी. सहसा घरातली एक व्यक्ती हे शिकते, पण दोघांनी शिकलेले बरे, कारण एकजण आजारी पडतोच. विहीर, नदी, प्रवरासंगमाचे स्नान हे सगळे बंद: नळी पाण्यात बुडवायची नाही. आणि गावातल्या दवाखान्यात कोणी ‘नळी आहेच तर त्यातूनच इंजेक्शन देतो’ म्हणाले, तर ठाम नकार द्यायचा. आयती शीर दिसली की हा मोह होतोच.

पिशवी सुरू केल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजून ताप आला, तर तो नळीतल्या जंतुसंसर्गाचा ताप आहे असेच समजावे. पंप थांबवायचा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात जायचे. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. अँटिबायोटिक देण्यापूर्वी नळीतून आणि हातातून असे दोन्हीकडचे रक्त कल्चरला जायला हवे. अकोले किंवा जामखेडच्या आडगावातून रात्री गाडी कुठून मिळेल, हे आधीच ठरलेले असावे. नळीचा प्रकार आणि तिच्यातून काय द्यायचे नाही, हे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र फाइलमध्ये वर ठेवावे. नळी फाटली तर फाटलेल्या जागेच्या शरीराकडच्या बाजूला ताबडतोब चिमटा लावावा, नाहीतर हवा आत ओढली जाते.

औषधे मिसळून दिलेली पिशवी फ्रिजमध्ये ठेवतात आणि लावण्याआधी एक-दोन तास बाहेर काढतात. तेल वेगळे होऊन पिवळा थर दिसला तर ती पिशवी फेकायची, मग तिची किंमत कितीही असो. इथल्या मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि वीज जाते. त्यामुळे फ्रिजसाठी इन्व्हर्टर आणि बॅटरीवर चालणारा पंप ही चैन नव्हे.

खर्चाचे काय? एका पिशवीची किंमत हजारांत जाते आणि बराचसा भार कुटुंबावर पडतो. महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया बसली म्हणून घरच्या पिशव्याही बसतील असे नाही. डिस्चार्जपूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला हे नेमके विचारावे. लोणी किंवा नगरमध्ये शस्त्रक्रिया झाली तरी पोषणाचा दीर्घ आराखडा बनवण्यासाठी सहसा पुण्या-मुंबईची अनुभवी टीम लागते. तिथल्या तज्ज्ञांशी स्थानिक डॉक्टरांचे बोलणे घरी येण्याआधीच झालेले असावे. वजन, लघवी आणि स्टोमातून गेलेले पाणी रोज वहीत लिहावे. एका दिवसात किलोभर वजन वाढले तर ते मांस नव्हे, पाणी असते. वर्षानुवर्षांच्या वापराने यकृतावर ताण येतो, म्हणून ठरलेल्या रक्त तपासण्या चुकवू नयेत.

सर्वांत अवघड वेळ जेवणाची. पंगत बसली की ‘दोन घास तरी घे’ असा आग्रह होतोच. अनेकांना थोडे खाण्याची परवानगी असते आणि त्याने आतड्याला जुळवून घ्यायला मदतही होते. पण तहान लागली म्हणून तांब्याभर साधे पाणी प्यायले, तर आखूड आतड्यातून उलट अधिक पाणी आणि मीठ बाहेर पडते. त्याऐवजी डॉक्टरांनी ठरवलेले मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घ्यायचे. पाहुण्यांना हे दर वेळी समजावून सांगायला रुग्णापेक्षा घरच्या कोणीतरी पुढे झालेले चांगले.

नळीसाठी शिरा उरल्या नाहीत किंवा यकृत खराब होऊ लागले, तर लहान आतड्याच्या प्रत्यारोपणाचा विचार होतो. पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत. ही चौकशी यकृत पुरते खराब होण्याआधी करायची असते, कारण उशीर झाला तर आतड्याबरोबर यकृतही बदलावे लागू शकते.