पांजरपोळ आणि टोचणी

जून 1832. मुंबईत सरकारचा बेवारशी कुत्री मारायचा हुकूम होता, वर कुत्र्यामागे बक्षीस. कोटातले पारशी भडकले, दुकानं बंद पडली, हिंदू-जैनही सामील झाले. पारशांना कुत्रा पवित्र, आपल्याला जीवदया. कारणं निराळी, राग मात्र एकच! त्यातूनच 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला.

जीव वाचला, भाकरी मिळाली. पण आजाराचं काय? कुत्रं पिसाळलं तर तेव्हा जगात कुणाकडेच उपाय नव्हता. पाश्चरने माणसाला पहिली लस टोचली 1885 मध्ये. आपल्याकडे 1900 मध्ये कसौलीला संस्था निघाली, पुढे तिथे मेंढीच्या मेंदूपासून लस होऊ लागली. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ती हीच. 2004 अखेर ती बंद झाली, मेंढ्याही सुटल्या. मला तर ही बातमी सणासारखी वाटली.

आता लस पेशींवर वाढवतात. तरी बायका म्हणतातच, "आमची मनी घरातच असते, तिला कशाला टोचायचं?" अगं, उंदरामागे गच्चीवर जातेच ना ती! पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली टोचणी, वर्षाने दुसरी, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कुत्र्याला तशीच मांजरालाही.